सरांनी आखून घेतलेलं मैदान

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार पानं लिहून द्या, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेनं मागितलं आणि दिलं नाही, असं आमच्या पिढीत कुणी करत नाही. प्रयोगशाळा, वाचनालय, स्नेहसंमेलनं, स्कॉलरशिपचे जादा तास, सगळ्यांवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते लिहिणारेही पुष्कळ आहेत. मी मात्र फुटबॉलवर लिहिणार, म्हणजे सरांवर लिहिणार. आपल्या शाळेत गणिताचे सर होते, इंग्रजीचे सर होते, चित्रकलेचे सर होते. पण नुसतं 'सर' म्हटलं की कोण, हे त्या काळातल्या कुठल्याही मुलाला विचारा.

कोल्हापुरात फुटबॉल आहे तो तालमींचा. कुस्ती करणाऱ्या पोरांनीच तो उचलला आणि पेठेपेठेतल्या तालमींनी आपापले संघ उभे केले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. छत्रपती घराण्याचा आश्रय आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची शिस्त, यामुळे हा खेळ इथं टिकला. दिवाळीनंतर हंगामाची चाहूल लागायची ती पावसाच्या तोंडापर्यंत. शाहू स्टेडियमवर मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की दुपारनंतर दुकानदारही गल्ल्यावर बसायला तयार नसायचे. गॅलरीत कुठली पेठ कुठं बसणार हे ठरलेलं असायचं.

आपली शाळा नेमकी अशा जागी, की दोन्ही पेठांची मुलं एकाच बाकावर बसायची. सरांचं सगळं काम या एका गोष्टीतून उभं राहिलं.

शाळेचं पटांगण फुटबॉलला पुरायचं नाही, म्हणून सराव पहाटे गांधी मैदानावर. सर आमच्या आधी आलेले असायचे. खाकी हाफपँट, पांढरा शर्ट, गळ्यात शिट्टी आणि काखेत चेंडू. तो चेंडू आजच्या मुलांनी पाहिलेला नाही. जाड चामड्याचा, आत रबरी ब्लॅडर आणि तोंडाशी बुटासारखी वादी ओवलेली. वादीची बाजू कपाळावर बसली की दिवसभर वळ उमटलेला असायचा, म्हणून हेड मारताना चेंडू कुठल्या अंगानं फिरत येतोय ते बघायला सरांनी शिकवलं. पावसात तो पाणी प्यायचा आणि इतका जड व्हायचा, की गोल किक अर्ध्या मैदानापर्यंतसुद्धा जायची नाही. सराव संपला की सर तो घरी न्यायचे. सुकवून, शिवणीवर बोटानं तेल चोळून दुसऱ्या दिवशी परत आणायचे. एकदा कुंपणापलीकडच्या बाभळीचा काटा घुसला. सरांनी वादी उसवली, ब्लॅडर बाहेर काढला, सायकलच्या दुकानात घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कुठून येतात ते आम्हाला दाखवलं आणि सोल्युशन लावून पंक्चर स्वतः काढलं. मग जाड सुई घेऊन एकेक भोकातून वादी ओढत बसले. शाळेत तोच एक चेंडू होता, हे आम्हाला कधी जाणवलं नाही, इतकं त्यांनी त्याला जपलं.

गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी का साठतं, हेही आम्हाला सरांनीच सांगितलं. तिथं पूर्वी वरुणतीर्थ होतं. तळं बुजवून मैदान झालं. शाहू स्टेडियमच्या जागीही रावणेश्वराचं तळं होतं. देऊळ अजून शेजारी उभं आहे. "तुम्ही दोन तळ्यांवर खेळता, पायाखाली ओल असणारच, तोल सांभाळा," असं ते म्हणायचे. इतिहासाच्या तासाला न समजलेलं आमचं गाव आम्हाला असं मैदानात समजलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगतो. सत्तरच्या दशकाची अखेर. त्या वर्षी हंगामाचा शेवट फार कडवट झाला होता. मोठ्यांच्या सामन्यात दोन पेठांची जुंपली, मैदानातलं भांडण गल्लीत आलं आणि जूनमध्ये शाळा भरली तेव्हा ते वर्गात येऊन बसलं. आमचा सेंटर हाफ, म्हणजे मधल्या फळीत खेळणारा, मंगळवार पेठेतला आणि राइट इन, म्हणजे पुढच्या फळीत उजवीकडे खेळणारा, शिवाजी पेठेतला. दोघंही अव्वल. दोघांच्या थोरल्या भावांमध्ये त्या सामन्यात हाणामारी झालेली. सरावात दोघं एकमेकांना पास देईनात. सेंटर हाफ चेंडू डावीकडे देणार, तिथून तो फिरून कुठं जाईल तिकडं जाईल, पण उजवीकडे म्हणून देणार नाही. आठ-दहा दिवस हे चाललं. आम्ही बाकीचे गप्प, कारण आमच्यातही पेठा होत्याच.

सर ओरडले नाहीत. पालकांना बोलावलं नाही, दोघांपैकी कुणाला संघाबाहेरही काढलं नाही. एका सकाळी पाऊस उघडला होता. सरांनी फक्कीचं, म्हणजे आखणीच्या पांढऱ्या भुकटीचं, घमेलं मागवलं आणि दोघांना पुढं बोलावून मैदान आखायला सांगितलं. दोरी एकच. साइडलाइन, गोल लाइन, पेनल्टी एरिया असं करत दोघं एकही शब्द न बोलता आखत गेले. मग मधलं वर्तुळ आलं. त्याची त्रिज्या दहा यार्ड, म्हणजे आजच्या हिशेबात ९.१५ मीटर. सरांनी सेंटर हाफला मध्यबिंदूवर खुंटीपाशी बसवलं, दोरीचं एक टोक त्याच्या हाती आणि दुसरं राइट इनच्या. मी घमेलं धरून त्याच्या मागं. एका हातात दोरी आणि दुसऱ्या हातानं फक्की सोडत त्यानं चालायचं. दोरी जरा सैल पडली की वर्तुळ आत सरकतं, ओढाताण झाली की मधला माणूस खुंटीवरून ढळतो. पहिल्या फेरीला सुरुवात आणि शेवट यांत हातभर अंतर पडलं. सरांनी पायानं फक्की पुसली. "पुन्हा." दुसऱ्यांदा तेच. "पुन्हा." शाळेची घंटा व्हायची वेळ आली. तिसऱ्या फेरीत अर्ध्या वाटेवर मधून आवाज आला, "दोरी ताण की लेका!" आणि तिकडून उत्तर आलं, "तू टाच हलवू नको!" पंधरवड्यात दोघं एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. वर्तुळ जुळलं.

रात्री पाऊस झाला आणि सगळी फक्की वाहून गेली. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यांच्याकडूनच पुन्हा आखून घेतलं. पावसानं धुऊन नेलं की हे दोघं आखणार, हा पुढं नियमच झाला. जुलै संपेपर्यंत ते बोलत-भांडत-हसत आखत होते आणि चेंडू उजवीकडं जायला लागला होता.

त्या वर्षी शालेय स्पर्धेचा अंतिम सामना आम्ही शाहू स्टेडियमवर खेळलो. गॅलरीतून जे मैदान आयुष्यभर पाहिलं त्याच्या आत पाय ठेवताना काय वाटलं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. आतून ते फार मोठं दिसतं. उत्तरार्धात सेंटर हाफनं दोन माणसांच्या मधून चेंडू उजवीकडं सरकवला, राइट इननं न थांबवता मारला आणि बारला आतून लागून गोल झाला. एकमेव गोल. पेठेतली जी माणसं उन्हाळ्यात एकमेकांच्या अंगावर धावली होती ती त्या दिवशी गॅलरीत एकत्र नाचली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी सरांनी सगळ्या संघाला गंगावेशीतल्या कट्ट्यावर नेलं आणि म्हशीचं धारोष्ण दूध पाजलं. पैसे त्यांच्याच खिशातले. पगार किती असेल त्या वेळी शिक्षकांचा!

पुढच्या फेरीत आम्ही हरलो. सरांचं खरं स्वप्न सुब्रोतो कपचं होतं. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावानं ही शालेय स्पर्धा १९६० पासून दिल्लीत भरते, देशभरातल्या शाळांचे संघ तिथं येतात, हे ते दर वर्षी नव्या मुलांना सांगायचे. "एकदा आपल्या कोल्हापूरचं पोरगं दिल्लीच्या मैदानात बघायचंय मला." आमच्या हातून ते झालं नाही.

ते पुढं निराळ्या रीतीनं झालं. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरला. १५ सप्टेंबरला राज्यातल्या शाळाशाळांतून मुलामुलींनी फुटबॉल खेळला आणि ६ ऑक्टोबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारताचा पहिला सामना अमेरिकेशी झाला. भारताच्या त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. मी मुद्दाम सरांच्या घरी जाऊन त्यांच्याशेजारी बसून तो सामना पाहिला. सर थकले होते, ऐकू कमी येत होतं, पण ऑफसाइड लाइनमनच्या आधी सांगत होते. भारत तीन गोलनी हरला. सरांना त्याचं काही वाटलं नाही. "पोचला बघ दिल्लीला आपला एक जण," एवढंच म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. तो मुलगा आपल्या शाळेचा नव्हता, आपल्या पेठेचाही नव्हता. सरांच्या लेखी तो आपलाच होता.

माझं म्हणाल तर, शाळेनंतर आयटीआय केलं, उद्यमनगरात लेथवर हात बसवला आणि आज शिरोली एमआयडीसीत माझी स्वतःची फाउंड्री आहे. आमच्या कास्टिंगचे भाग पुण्याला आणि दक्षिणेतही जातात. माझ्याकडं सगळ्या पेठांचे आणि करवीर, हातकणंगल्याच्या खेड्यांतले कामगार आहेत. दोघांत बिनसलं की मी त्यांना एकाच साच्यावर काम देतो. हे मी कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात वाचलेलं नाही. आमचा सेंटर हाफ पोलीस खात्यातून निवृत्त झाला, राइट इन शिक्षक झाला आणि त्यानंही फुटबॉलच शिकवला. दोघांच्या मुलांची लग्नं झाली तेव्हा दोघंही एकमेकांच्या मांडवात यजमानासारखे उभे होते.

काही वर्षांपूर्वी शाळेच्या पटांगणासाठी लोखंडी गोलपोस्ट मी माझ्या शेडमध्ये करून दिले. आठ फूट उंच, चोवीस फूट रुंद, मापात एक सूत इकडं-तिकडं नाही. आमच्या वेळी सराव वेळूच्या खांबांवर चालायचा. पोस्ट उभे केले त्या दिवशी सरांना रिक्षानं आणलं होतं. त्यांनी बारवर बोटाची पेरं वाजवून बघितली.

आता सर नाहीत. शाळेत हल्ली जातो तेव्हा आनंद वाटतो तसा जीवही तुटतो. मुलींचा संघ झाला आहे आणि तो मुलांपेक्षा चांगला खेळतो, हे पाहायला सर हवे होते. बूट चांगले आहेत, चेंडू डझनावारी आहेत. पण पाच वाजले की मुलं क्लासला पळतात. ज्यांना खेळायचंय ती तासाचे पैसे भरून टर्फवर जातात, म्हणजे ज्याच्या बापाकडं पैसे त्यानं खेळायचं. आमच्या संघात हमालाचा मुलगा होता आणि वकिलाचाही होता आणि दोघं एकाच जोडीचे बूट आळीपाळीनं घालायचे. हे मला सलतं आणि स्मरणिकेत लिहू नये असं कुणी म्हटलं तरी मी लिहिणार. पेठांची ईर्षाही आता निराळी झाली आहे. पूर्वी ती मैदानातून गल्लीत यायची, आता मोबाइलवरून मैदानात येते, आणि त्यात शाळकरी मुलं ओढली जातात. त्यांच्या हातात घमेलं आणि दोरी देणारा माणूस पाहिजे.

अमृतमहोत्सवानिमित्त पटांगणाला सरांचं नाव द्यावं अशी माजी विद्यार्थ्यांची मागणी आहे आणि तिला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण नावाच्या फलकाइतकीच माझी आणखी एक विनंती आहे. हल्ली आखणीचं काम बाहेरच्या माणसाला दिलं जातं. ते संघातल्या मुलामुलींकडून करून घ्यावं, आणि जोड्या क्रीडाशिक्षकांनी लावाव्यात. फक्की दर वर्षी माझ्याकडून येईल. गोलपोस्टच्या जाळ्या कोपऱ्यात फाटलेल्या मी मागच्या महिन्यात पाहिल्या. मापं काढून ठेवावीत, गणपतीच्या आधी माझा माणूस येऊन नव्या बसवून जाईल.