आधी हातमोजे काढ

आज मेहुण्याच्या फर्निचर वर्कशॉपवर होतो. नवा पोरगा हौसेने हातमोजे घालून टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या पात्याच्या करवतीसमोर उभा राहिला, तर मिस्त्री म्हणाले, "बाळा, आधी ते काढ." कारण ऐकून अंगावर काटा आला. फिरत्या पात्यात मोज्याचा धागा अडकला तरी अख्खा हात आत ओढला जातो. सैल बाह्या, हातातलं कडं, सगळ्याचं तेच.

मग त्यांनी फळी उसळते कशी ते दाखवलं. चिरताना लाकडातला ताण सुटतो, चिरेची फट मिटून पात्याला आवळते आणि मागून वर येणारे दात फळी उचलून थेट माणसावर फेकतात. म्हणून पात्यामागे रायव्हिंग नाइफ, म्हणजे चिरेची फट मिटू न देणारी पत्ती, हवीच. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, बाजूला. अरुंद पट्टी पुश स्टिकनेच ढकलायची.

"अडचण होते" म्हणून पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड, काढून ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बोटं परत येत नाहीत हो!

गॉगल सगळ्यांकडे होते, मास्क मात्र कुणाकडेच नाही. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेच नोंदवलंय. उद्या एन-९५चा खोका पोचवतोय.