जुबा आणि बेंतिऊ : धोक्याच्या ठिकाणी कामाला जाणाऱ्यांसाठी

दक्षिण सुदानमध्ये पाणीपुरवठ्याच्या कामावर जाऊन आले. आधी राजधानी जुबा, मग उत्तरेला युनिटी राज्यातलं बेंतिऊ. माझ्या जागी आता दुसरं कुणीतरी जाईल, आणखी कुणी सोमालियात, काँगोत किंवा हैतीत कामाला जाईल. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. काम कधी थांबवायचं आणि देश कधी सोडायचा, हे निघण्याआधी कागदावर लिहून काढा. तिथे पोचल्यावर हा निर्णय नीट घेता येत नाही, कारण माणसाला सगळ्याची सवय होते. पहिल्या रात्री गोळीबाराचा आवाज आला की झोप उडते, पुढे पुढे माणूस नुसती कूस बदलतो. शिवाय काम अर्धवट असतं, सहकारी थांबलेले असतात, आणि सगळ्यांच्या आधी ‘मी निघते’ म्हणायला जीभ रेटत नाही. माझ्या कागदावर हे होतं : प्रवासी विमानं बंद झाली तर, स्थानिक सहकारी आपापली बायकामुलं दुसरीकडे हलवू लागले तर, बाजारातली दुकानं भरदिवसा बंद व्हायला लागली तर, मदतसंस्थेच्या गाडीवर ओळखून हल्ला झाला तर. यातलं एक घडलं तर शहराबाहेरचं काम बंद. दोन घडली तर मिळेल त्या विमानाने बाहेर. हा कागद प्रकल्पप्रमुखांना दाखवला, त्यांची सही घेतली आणि एक प्रत घरच्यांकडे ठेवली. सही आवर्जून घ्या. ऐन वेळी ‘अजून दोन दिवस बघू’ असं कुणी म्हणालं, तर आपल्या बाजूने बोलायला तो कागद असतो.

देशाचा अलीकडचा इतिहास थोडक्यात. ९ जुलै २०११ रोजी स्वातंत्र्य मिळालं. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांनी पदावरून काढलेले उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या गटांमध्ये यादवी पेटली. जुलै २०१६ मध्ये खुद्द जुबात पुन्हा लढाई झाली, सप्टेंबर २०१८ मध्ये शांतता करार झाला, आणि मार्च २०२५ मध्ये माचार यांना नजरकैदेत टाकल्यावर सगळं पुन्हा डळमळलं. म्हणजे शांत दिसणारा काळसुद्धा तिथे दोन लढायांमधला असू शकतो, हे गृहीत धरूनच तयारी करायची.

२०१६ च्या त्या जुलैतली एक घटना जाणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावी. ११ जुलैला सैनिकांनी जुबातल्या टेरेन नावाच्या निवासी आवारात घुसून एका स्थानिक पत्रकाराला ठार मारलं आणि परदेशी मदतकर्मी स्त्रियांवर बलात्कार केले. संयुक्त राष्ट्रांचा तळ तिथून सुमारे एक किलोमीटरवर होता. आतले लोक फोनवर फोन करत होते. मदतीला शांतिसैनिक आले नाहीत. पुढे चौकशी झाली, शांतिसेनेच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं, २०१८ मध्ये लष्करी न्यायालयाने दहा सैनिकांना दोषी ठरवलं. पण त्या दुपारी आतल्या माणसांच्या हाती एवढंच होतं, जे त्यांनी आधी ठरवून ठेवलं असेल. ‘जवळच तळ आहे’, ‘दूतावास आहे’ या भरवशावर कुठलीही योजना उभी करू नका. कुणी आलं तर उत्तमच, पण योजना कुणी येणार नाही असं धरून करा.

दूतावासात नाव मात्र पोचल्यादिवशीच नोंदवा. त्याच जुलैत भारत सरकारने ‘ऑपरेशन संकटमोचन’ काढून सी-१७ विमानांनी आपली माणसं जुबाहून आणली. तेव्हा वैध प्रवासी कागदपत्रं असलेल्यांनाच विमानात घेणार आणि सोबत पाच किलोपर्यंतचीच हातपिशवी चालेल, असं कळवलं होतं. म्हणून पळायची पिशवी पाच किलोंच्या आत बसते का, ते वजन करून बघा. माझ्या पिशवीत पासपोर्ट आणि त्याच्या प्रती, लहान नोटांचे डॉलर (नवे आणि स्वच्छ, कारण जुन्या किंवा फाटक्या नोटा कुणी घेत नाही), रोजची औषधं, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, डोक्याला लावायची विजेरी, पॉवर बँक, पाण्याची बाटली, पातळ रेनकोट आणि महत्त्वाचे फोन नंबर लिहिलेला कागद होता. मोबाइल हिसकावून घेतला तर पाठ असलेले नंबर किती निघतील, याचा एकदा विचार करून पाहा. बंद बूट रात्री पलंगाशेजारी ठेवा. काचांच्या खचातून अनवाणी पळता येत नाही.

आता निघण्याआधीची तयारी. संस्थेने प्रतिकूल परिस्थितीचं प्रशिक्षण दिलं होतं. तुमची संस्था देत नसेल तर मागून घ्या, आणि नाहीच म्हणाली तर तिथे तिच्यासोबत जावं का, याचा पुन्हा विचार करा. संयुक्त राष्ट्रांचं बीसेफ हे ऑनलाइन प्रशिक्षण चांगलं आहे, पण स्क्रीनसमोर बसून हात शिकत नाहीत. आम्हाला टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायची आवळपट्टी, अंधारात आणि एका हाताने स्वतःच्याच दंडावर बांधायला लावली. जखमेच्या वर पाच ते आठ सेंटिमीटरवर बांधायची, सांध्यावर कधीच नाही, रक्त थांबेपर्यंत आवळायची. बांधल्याची वेळ लिहायची आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती सैल करायची नाही. मोठी रक्तवाहिनी फुटली तर हातात मोजकी मिनिटं असतात आणि बेंतिऊहून शस्त्रक्रिया होईल अशा ठिकाणी पोचायला तास लागतात. सगळ्या प्रशिक्षणातून एकच गोष्ट शिकायची म्हटली तर मी ही शिकेन.

त्याच आठवड्यात एक अर्ज भरावा लागला, तो भरताना हात थरथरला. अपहरण झालंच, तर आपण जिवंत आहोत याची खात्री करून घेण्यासाठी विचारायचे प्रश्न त्यात लिहायचे असतात. उत्तर फक्त आपल्यालाच माहीत असावं आणि समाजमाध्यमांवरून कुणाला शोधता येऊ नये. पाळीव कुत्र्याचं नाव चालणार नाही, त्याचे फोटो आपण टाकलेले असतात. मारहाणीत, तापात, झोपेविना आठवेल असं उत्तर हवं, आणि ते आठवल्याने थोडा धीर यावा असंही हवं. पाकीट सीलबंद करून संस्थेकडे राहतं. घरी कोणाशी बोलायचं, कोणाला आधी सांगायचं, वार्ताहरांशी घरच्यांनी परस्पर बोलू नये, हेही त्याच वेळी ठरवून घ्या. माझ्या आईवडिलांना हे सगळं मी समोर बसवून सांगितलं. अवघड गेलं, पण आपल्या मागे त्यांना अंधारात चाचपडायला लावणं जास्त वाईट.

विम्याची कलमं स्वतः वाचा. साध्या प्रवास विम्यात युद्ध, बंड आणि दहशतवाद बहुधा वगळलेले असतात. वैद्यकीय कारणाने देशाबाहेर विमानाने हलवायचा खर्च त्यात आहे का, विमान कोण पाठवणार, कोणत्या शहरात नेणार, हे लेखी विचारा. जुबाहून बहुधा नैरोबीला नेतात. अपहरणाचा विमा संस्थेने काढला असेल, तर तो आहे हे कोणापाशी बोलू नका. बातमी फुटली तर मागणीचा आकडा वाढतो आणि विमाही अडचणीत येऊ शकतो.

लसी आणि मलेरियाबद्दल डॉक्टर सांगतील, मी फक्त दोन गोष्टींचा आग्रह धरते. यलो फीव्हरची लस किमान दहा दिवस आधी घ्या, कारण प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं. आणि मलेरियाची प्रतिबंधक गोळी चुकवू नका. डॉक्सिसायक्लिन दिली असेल तर ती परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. गोळीबाराची भीती सगळ्यांना वाटते. डासाची वाटत नाही, म्हणून अंथरुणाला खिळलेले सहकारी मी जास्त पाहिले.

जुबात पोचल्यावर खोली बघितली आणि आधी पलंग खिडकीपासून लांब सरकवला, पडदे ओढून ठेवले. स्फोटात उडणाऱ्या काचाच पुष्कळदा जास्त इजा करतात. आवाराला दुसरं दार आहे का, भिंतीपलीकडे काय आहे, आतल्या सुरक्षित खोलीत किती दिवसांचं पाणी आणि कोरडं खाणं साठवलेलं आहे, हे पहिल्या संध्याकाळीच बघून घ्या. बाहेर लढाई सुरू झाली तर बरेचदा पळण्यापेक्षा दार लावून बसून राहणंच ठीक असतं, आणि ते चार-पाच दिवसही चालू शकतं. जनरेटरचं डिझेल किती उरलंय हे मी रोज विचारत असे. वायरलेस सेटवर आपली खूण, म्हणजे ठरवून दिलेलं सांकेतिक नाव, सांगून हजेरी द्यायची सवय लवकर करा. फोनचं जाळं पहिल्या तासातच कोलमडू शकतं.

बेंतिऊला रस्त्याने जायचा प्रश्नच नव्हता. जागतिक अन्न कार्यक्रम चालवतो त्या मानवतावादी हवाईसेवेच्या विमानाने बेंतिऊशेजारच्या रुबकोनाच्या धावपट्टीवर उतरलो. सामान वीस किलोंपर्यंत. २०२१ च्या पुरापासून बेंतिऊ जवळजवळ बेट झालं आहे. चहूकडे पाणी, आणि मातीच्या बांधांनी अडवून धरलेली वस्ती. बांध फुटला तर कुठे चढायचं, हा प्रश्न तिथे सुरक्षेचाच प्रश्न आहे. सुरक्षा म्हणजे फक्त बंदूकवाल्यांपासूनची, असं समजू नका.

बांधावरच्या रस्त्याने पंपांकडे जाताना नाके लागतात. एका नाक्यावर आमच्या चालकाने जे केलं ते मी लक्षात ठेवलं आहे. लांबूनच वेग कमी केला, गॉगल काढला, रेडिओचा आवाज बंद केला, काच अर्धी खाली घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवले. मी हात मांडीवर उघडे ठेवले, फोन पिशवीत होता. सैनिक अगदी पोरसवदा होता, त्याला पुढच्या नाक्यापर्यंत सोडायला हवं होतं. गाडीत शस्त्र घ्यायचं नाही हा आमचा नियम, तसं चित्र दारावरच लावलेलं. चालकाने ‘नाही’ हा शब्दसुद्धा उच्चारला नाही. तिथल्या नुएर भाषेत गाव विचारलं, गुरांची विचारपूस केली, मग दारावरच्या चित्राकडे बोट दाखवून सांगितलं, की तुला घेतलं तर माझी नोकरी जाईल. पुष्कळ वेळ गेला. मी एक शब्द बोलले नाही. नाक्यावर गाडीतला एकच माणूस बोलतो, आणि तो कोण हे निघतानाच ठरलेलं असतं. घड्याळाकडे बघायचं नाही, हसून विषय उडवायचा नाही, पिशवीत पटकन हात घालायचा नाही. गाडीच हिसकावत असतील तर किल्ली देऊन बाजूला व्हायचं. पिशवीतून काहीही काढायचं असेल तर आधी विचारायचं.

पंपांच्या पाणी समितीतल्या बायका आम्हाला ओळखायला लागल्यावर फरक जाणवला. एकदा त्यांनी निरोप धाडला, उद्या पश्चिमेकडच्या बांधावर येऊ नका. कारण सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, आणि गेलो नाही. काटेरी तारा, भिंती, वायरलेस हे सगळं हवंच, पण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांना आपण तिथे असावं असं वाटणं हे सगळ्यात भक्कम कवच आहे. ते आधी दिलेला शब्द पाळून, वेळेवर पाणी सोडून मिळवावं लागतं.

आणि स्थानिक सहकाऱ्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. जगभरात जे मदतकर्मी मारले जातात त्यांतले बहुतेक त्याच देशाचे असतात. आपल्याला विमान न्यायला येतं, त्यांना येत नाही. एखाद्या जमातीचा चालक एका नाक्यावर सुरक्षित असतो आणि पुढच्याच नाक्यावर त्याचा जीव धोक्यात असतो. म्हणून बैठकीत विचारा : आपण बाहेर पडलो तर यांचं काय? पगार आगाऊ मिळेल का? कुटुंबासह हलायची सोय आहे का? आमच्याकडे तीन महिन्यांचा पगार आगाऊ द्यायचं लेखी ठरलं, तेही बराच आग्रह धरल्यावर. जाल तिथे हा आग्रह धरा.

बायकांसाठी : लैंगिक हल्ल्यानंतर द्यायच्या औषधांचा संच आवारात कुठे आहे, त्याची मुदत संपली आहे का, किल्ली कोणाकडे असते, हे पहिल्याच दिवशी न लाजता विचारा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. पुरुष सहकाऱ्यांनीही हे माहीत करून घ्यावं, हल्ला त्यांच्यावरही होतो.

फोटोंसाठी परवानगी लागते. पूल, विमानतळ, सैनिक, सरकारी इमारती यांच्या दिशेने फोन उचलूसुद्धा नका. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका. फोनमधल्या राजकीय गप्पांचे गट निघण्याआधी काढून टाका, आणि आपण आत्ता कुठे आहोत ते समाजमाध्यमांवर टाकू नका.

परत येताना यलो फीव्हरचं प्रमाणपत्र हातपिशवीत ठेवा, ते नसेल तर भारतात विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. झोप लागत नसेल, दचकायला होत असेल, तर समुपदेशकाची वेळ घ्या आणि तो खर्च संस्थेकडे मागा. पुढचे काही महिने कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात दक्षिण सुदानहून आल्याचं सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची तपासणी करून घ्या.