कॉलमखाली उतरलेल्या पाच कोटी पेशी

उंदरांच्या हाडांच्या मज्जेतून रक्तमूलपेशी, म्हणजे सगळ्या रक्तपेशींना जन्म देणाऱ्या पेशी, वेगळ्या करायच्या होत्या. चुंबकात बसवलेल्या कॉलममधून, म्हणजे नको त्या पेशी अडवणाऱ्या नळीतून, खाली आलेल्या पेशी मोजल्या आणि आकडा पाच कोटींवर गेला. वरून सोडल्या होत्या बारा कोटी. लिनिएज डिप्लिशन, म्हणजे पक्व रक्तपेशी काढून टाकणं, नीट झालं तर दोन ते पाच टक्के, म्हणजे फार तर साठ लाख पेशी खाली यायला हव्यात. साडेबारा वाजले होते, सॉर्टर (पेशी निवडून वेगळ्या करणारं यंत्र) तीनला मिळणार होता.

सकाळचं काम नेहमीचंच होतं. सी-५७ ब्लॅक-६ जातीचे तीन उंदीर, प्रत्येकाच्या मांडीची दोन हाडं आणि नडगीची दोन. टोकं कापून २६ गेजच्या सुईने मज्जा बाहेर काढायची. हाड पांढरं दिसलं की पुरे. मग ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळणं, अमोनियम क्लोराइडने लाल पेशी फोडणं, पुन्हा गाळून मोजणं.

मज्जेत खऱ्या रक्तमूलपेशी लाखात पाच-दहाच असतात. त्यामुळे आधी बाकीची गर्दी हटवायची. सीडी-५, बी-२२०, सीडी-११बी, जीआर-१, टर-११९ या पक्व पेशींवरच्या खुणा ओळखणारी, बायोटिन (एक जीवनसत्त्व) जोडलेली प्रतिपिंडं एकत्र मिळतात. दर एक कोटी पेशींमागे ४० मायक्रोलिटर बफर आणि १० मायक्रोलिटर मिश्रण, फ्रिजमध्ये १० मिनिटं. बर्फात ठेवलं तर जास्त वेळ द्यावा लागतो. मग मध्ये न धुता आणखी ३० मायक्रोलिटर बफर आणि बायोटिनला धरणारे २० मायक्रोलिटर चुंबकी मणी, १५ मिनिटं. हे मणी ५० नॅनोमीटरच्या आसपासचे. नुसत्या चुंबकाने ओढले जात नाहीत, कॉलममधल्या लोखंडी गोळ्यांच्या गर्दीतच अडकतात.

पहिला संशय कॉलमवर गेला. पण एक एलएस कॉलम दहा कोटी मणी लागलेल्या पेशी धरतो आणि आम्ही दोन लावले होते. बुडबुडेही नव्हते, थेंब एकसारखे पडत होते. म्हणून खाली आलेल्यांतल्या लाखभर पेशी धुतल्या, त्यांना बायोटिनला चिकटणारं, चमकणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन लावलं आणि फ्लो सायटोमीटरवर (पेशींची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) पाहिलं. प्रतिपिंडं लागली नसती तर शिखर डावीकडे राहिलं असतं. ते पार उजवीकडे होतं, उंच आणि स्वच्छ. प्रतिपिंडं पेशींवर बसली होती. मणीच त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते.

मग बाटल्या तपासल्या. मज्जा काढायला आरपीएमआय-१६४० हे पेशी वाढवायचं मीडियम घेतलं होतं, तेही फिनॉल रेड नसलेलं, कारण तो रंग सायटोमीटरवर पार्श्वभूमी वाढवतो. रंग नाही म्हणजे दिसायला थेट बफर. मोजणीनंतर पेलेट (तळाशी बसलेला पेशींचा गोळा) त्याच बाटलीतल्या द्रवात मिसळला गेला होता. आरपीएमआयमध्ये लिटरला ०.२ मिलिग्रॅम बायोटिन असतं, सुमारे ०.८ मायक्रोमोलर. हे मोकळं बायोटिन मण्यांना आधी चिकटलं आणि पेशींसाठी जागाच उरली नाही.

प्रतिपिंडं जागेवर असल्याने सगळं पहिल्यापासून करायची गरज नव्हती. त्या पाच कोटी पेशी १० मिलिलिटर गार बफरमध्ये दोनदा धुतल्या, सेंट्रिफ्यूजवर ३०० जी, १० मिनिटं. बफर म्हणजे पीबीएस (खारं द्रावण), ०.५ टक्के बीएसए (एक प्रथिन) आणि २ मिलिमोलर ईडीटीए (पेशींच्या गुठळ्या टाळणारं रसायन), हवा काढून टाकलेलं. दर कोटीमागे ८० मायक्रोलिटर बफर, २० मायक्रोलिटर ताजे मणी, पुन्हा १५ मिनिटं. नवा कॉलम ३ मिलिलिटरने भिजवला, पेशी सोडल्या, मग ३-३ मिलिलिटरने तीनदा धुतला. वरची वाटी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय पुढचं माप ओतायचं नाही.

या वेळी खाली ४२ लाख आल्या. सॉर्टरवर डॅपी या रंगाने मेलेल्या पेशी वगळल्या. नेहमीपेक्षा त्या जास्त होत्या, दोन जादा स्पिनचा तो परिणाम. स्का-१ आणि सी-किट या दोन्ही खुणा असलेल्या सुमारे साठ हजार मिळाल्या आणि त्यांतून सीडी-१५० असलेल्या, सीडी-४८ नसलेल्या, म्हणजे खऱ्या रक्तमूलपेशी, तीन हजारांच्या आत-बाहेर.

आता मज्जा काढतानाच बफर वापरतो. मीडियम लागलंच तर डीएमईएममध्ये बायोटिन नसतं. आयएमडीएममध्ये मात्र असतं. स्ट्रेप्टॅव्हिडिनचे मणी वापरणाऱ्यांनाही हीच अडचण येते.