कोंबुचा: एक बाटली फसफसते, दुसरी मुकी

कोंबुचाच्या, म्हणजे आंबवलेल्या गोड चहाच्या, मोठ्या बरणीचं प्रमाण आता पक्कं झालंय. लिटरला ७० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम काळा चहा आणि विरजण म्हणून मागच्या खेपेचं १०० मिली आंबट पाणी. सामू (pH, आंबटपणाचं माप) सुरुवातीलाच ४.५ च्या खाली गेला की बुरशीची भीती बरीच कमी होते. वरची चकती घातली काय, न घातली काय, सारखंच. ती जिवाणूंनी विणलेला सेल्युलोजचा थर आहे. जिवाणू आणि यीस्टची खरी वस्ती पाण्यात. काही जण चकतीचे एवढे लाड करतात की बोलायची सोय नाही! मी जास्तीचे थर सरळ काढून टाकते.

या वेळी सगळं लक्ष गॅसकडे होतं. एकाच बरणीतून भरलेल्या बाटल्या, आलं आणि साखर मोजून सारखी, तरी पहिल्या बाटल्या मिळमिळीत आणि शेवटची झाकण उघडताच ओट्यावर. मूळ तळाशी सापडलं. यीस्ट साखर फोडतं आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून त्यांचा कारभार वरच्या बाजूला जोरात चालतो. यीस्टचा बराचसा भाग मात्र गाळ होऊन खाली बसतो. पळीने वरून उपसत गेलं की सुरुवातीच्या बाटल्यांना यीस्ट जेमतेम मिळतं आणि शेवटचीला सगळा गाळ. (चकतीखाली लोंबणारे तपकिरी धागेही यीस्टचेच. ती बुरशी नव्हे. बुरशी वर, कोरडी आणि लवदार असते. ती दिसली तर चकतीसकट सगळं फेकायचं, वरवर काढून वापरायचं नाही.)

म्हणून क्रम बदलला. आधी वरच्या थरातून विरजण काढून ठेवायचं, मग बरणी तळापासून हलक्या हाताने ढवळायची आणि लगेच बाटल्या भरायच्या. आता गॅस जवळपास सारखा येतो. विरजण ढवळण्याआधी काढणं महत्त्वाचं, कारण सतत तळाचं घेत राहिलं तर दर खेपेला यीस्टचं पारडं जड होत जातं. मग साखर भराभर संपते, वास दारूकडे झुकतो आणि आंबटपणा मागे पडतो.

बाटल्या जाड काचेच्या, गोल आणि दाब सोसायला बनवलेल्याच. चौकोनी शोभेच्या बाटल्या कोपऱ्यांवर ताण येऊन फुटू शकतात. सोबत एक प्लास्टिकची बाटली त्याच खेपेतून भरते; ती दाबून दगडासारखी लागली की सगळ्या फ्रिजमध्ये. थंडीने आंबणं मंदावतं, थांबत नाही. बंद बाटलीत अल्कोहोलही थोडं वाढतं, तेव्हा ज्यांना ते अजिबात चालत नाही त्यांना आधीच सांगावं.

वॉटर केफिरचं (जिवाणू-यीस्टच्या दाण्यांनी आंबवलेलं साखरपाणी) थोडक्यात: नुसत्या पांढऱ्या साखरेवर दाणे सुस्तावले होते, थोडी मळी घातल्यावर जागे झाले. खनिजं मिळाली असणार. ४८ तासांच्या वर ठेवत नाही.

पुढची खेप हिरव्या चहाची, विरजण याच बरणीतलं. सामू रोज एकाच वेळी मोजून काळ्या चहाच्या आकड्यांशेजारी लिहीन.