रोज चालू राहणारं मशीन

गेल्या जूनमध्ये गोव्यातल्या डिचोलीहून एक पिकअप आला. ताडपत्रीखाली जुन्या संगणकांची ११ कॅबिनेट, ७ जाडे मॉनिटर आणि पोतंभर कीबोर्ड. पहिलं कॅबिनेट उघडलं तर तळाशी तांबड्या धुळीचा थर आणि पॉवर सप्लायच्या कोपऱ्यात पालीची दोन अंडी. खाणपट्ट्यातली मशीनं आमच्याकडे अशीच येतात. आधी अंगणात ब्लोअर मारायचा, मग आत घ्यायचं.

फोंड्याजवळ कुर्टीला आमच्यातल्या एकाच्या घरामागे पडवी आहे. दर रविवारी सकाळी आम्ही सहाजण तिथे बसतो. शाळा, पतसंस्था, दवाखाने, घरं जे देतील ते दुरुस्त करतो आणि ज्याला गरज असेल त्याला देतो. मी उच्च माध्यमिकच्या संगणक प्रयोगशाळेत २७ वर्षं काढली, त्यामुळे यातली बरीच मॉडेलं मला नवी असतानापासून माहीत आहेत. गोव्यात एके काळी सायबरएज योजनेतून अकरावीच्या विद्यार्थ्यांना संगणक मिळायचे. त्या काळातलं एखादं मशीन माळ्यावरून खाली आलं की मला आजही बरं वाटतं.

त्या ११ पैकी चार मशीनं केवळ साफसफाईने उठली. आमच्या हवेत रॅमचे, म्हणजे मेमरीच्या पट्टीचे, सोनेरी दात काळवंडतात आणि मशीन नुसतं बीप बीप करत राहतं, पडद्यावर काही येत नाही. रॅम काढायची, त्या दातांवर शाळेतलं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, भुगा ब्रशने झटकायचा आणि टक्क आवाज येईपर्यंत परत बसवायची. मग मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायचा, सीआर २०३२. हा सेल मेला की मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि चुकीच्या तारखेमुळे वेबसाइट उघडत नाहीत. लोकांना वाटतं इंटरनेट बिघडलं. किती चांगली मशीनं या एका सेलपायी अडगळीत गेली असतील!

सुरू करणं जमतं. त्याला काम शोधणं अवघड.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. चार वर्षांपूर्वी एका शाळेला पाच मशीनं दिली. आम्ही बसवली, चहा घेतला, निघून आलो. दोन वर्षांनी तिथे गेले तर पाचही फुलाफुलांच्या कव्हराखाली जशीच्या तशी. उघडून पाहिलं तर स्क्रूंना गंज आणि पंखे जाम. ती कोणी चालवायची हे ठरलेलंच नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. गोव्याच्या पावसाळ्यात बंद ठेवलेलं मशीन वापरातल्या मशीनपेक्षा लवकर मरतं. कपाटात बुरशी येऊ नये म्हणून आपण बल्ब लावतो ना, तसंच हे. रोज दोन तास चालू राहिलं की ते आपल्याच उबेने कोरडं राहतं. म्हणून आता मशीन द्यायच्या आधी मी एकच विचारते: सोमवारी सकाळी हे कोण चालू करणार? उत्तरात माणसाचं नाव आलं तरच मशीन पडवीबाहेर जातं.

कामही एकच ठरवून द्यायचं. दोन जीबी रॅमचा कोअर टू डुओ, म्हणजे जुन्या प्रोसेसरचा संगणक, सगळं करायला लावला की रडतो. तोच एका वाचनालयात फक्त पुस्तकांची यादी सांभाळतो आणि कुरकुर करत नाही. सत्तरीतल्या एका शाळेत रेंज धड मिळत नाही, तिथल्या मशीनवर किविक्स या ऑफलाइन वाचनाच्या प्रोग्राममधून मराठी विकिपीडिया उतरवून दिला आहे. इंटरनेटशिवाय उघडतो. तिथलीच मुलं इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीवर टायपिंग शिकतात. मराठी आणि कोकणी दोन्ही देवनागरीत, त्यामुळे एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा हाताशी. लहानांसाठी जीकॉम्प्री हे शिकवणारे खेळ आणि टक्स पेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम घालतो.

त्याहून जुना पेंटियम ४ मात्र दिवसभराच्या कामाला मी देत नाही. त्यातले काही प्रोसेसर एकटेच ऐंशीच्या वर वॅट खातात, आणि ते बिल शाळेच्या माथी मारणं मला पटत नाही. जाड्या मॉनिटरच्या काचेत शिसं असतं. तो आम्ही फोडत नाही, भंगारवाल्यालाही देत नाही. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तेव्हा तो नोंदणीकृत रिसायकलरकडेच जातो.

तरीही एक पेंटियम आम्ही ठेवला आहे, कारण त्याला फ्लॉपी ड्राइव्ह आहे. फेब्रुवारीत एक निवृत्त मास्तर आले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत तीन फ्लॉपी. "बाय, गावच्या नाट्यमंडळाचं नाटक आहे यात. वह्या वाळवीने खाल्ल्या." पहिली फ्लॉपी वाचलीच गेली नाही. दुसरीवर आयसोप्रॉपिल अल्कोहोल लावून कापसाने अलगद पुसली, तेव्हा ड्राइव्ह घरघरला आणि फाइल उतरली. उघडली तर ओळीच्या ओळी चित्रविचित्र खुणा. जुना फॉन्ट होता, युनिकोडच्या, म्हणजे आज सगळ्या मशीनवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या, आधीचा. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करावी लागे. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, त्यामुळे रूपांतर करताना प्रत्येक वेलांटी हलवावी लागते. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलाने त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला. जोडाक्षरं तरी फुटलीच. मग मास्तर चार रविवार पडवीत बसले आणि ओळ न् ओळ मोठ्याने वाचत गेले. 'स्वामी'चं 'सवामी' झालं की हात वर करायचे. दुसऱ्या अंकात एका म्हाताऱ्या बाईचं स्वगत आहे. तिथे ते थांबले, चष्मा पुसला आणि पुढचं पान मला वाचायला सांगितलं. तिसऱ्या फ्लॉपीतला शेवटचा प्रवेश अर्धाच मिळाला. उरलेला त्यांनी आठवणीतून सांगितला, मी टाइप केला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट संपला तेव्हापासून कार्यालयांतली उत्तम मशीनं येऊ लागली आहेत. सहाव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरची, ज्यांना विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही. एसएसडी (वेगवान डिस्क) आणि लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) घातलं की ती छान पळतात. तुमच्याकडे असं काही असेल तर हार्ड डिस्क काढून घेऊ नका, आम्ही तुमच्यासमोर तिच्यातली माहिती पुसून देतो. आणि लॅपटॉपबरोबर त्याचा चार्जर जरूर द्या. सध्या पडवीत नऊ लॅपटॉप आहेत आणि चार्जर फक्त दोन.