आमची वाटचाल: गुलाबी बोर्ड आणि भिंतीच्या आतलं काम

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात आम्ही जिप्सम पार्टिशनची, म्हणजे पत्र्याच्या सांगाड्यावर जिप्सम बोर्ड लावून केलेल्या भिंतींची कामं घेतो. सुरुवात फॉल्स सीलिंगपासून झाली. नाव मिळालं ते घरांतल्या आगरोधक भिंतींमुळे. मधली सुरळीत वर्षं सोडून देतो. सांगायचंय ते मॅग्नेशियम ऑक्साईड बोर्डांच्या लाटेबद्दल.

‘जळत नाही, भिजत नाही, स्वस्त पडतो’ म्हणून तो बोर्ड खपला. आमच्याच भागातल्या एका ठेकेदाराने तो लावून दर इतका पाडला की ठरलेली कामंही हातची गेली. गोडाऊन मालाने भरलेलं, कारागिरांची मजुरी अंगावर, फर्मला टाळं लागायचीच वेळ आली होती. बोर्ड जळत नाही हे खरं. पण त्यातल्या बऱ्याच मालात क्लोराईड उरतं. दमट हवेत ते पाणी ओढून घेतं, बोर्डावर खारट थेंब जमतात आणि आतले स्क्रू आणि सांगाड्याचे जस्त चढवलेले पत्र्याचे चॅनल (जीआय चॅनल) गंजतात. डेन्मार्कमध्ये इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर हेच झालं आणि ते बोर्ड उतरवावे लागले. मग खाडीकाठच्या घरांत ते कसे टिकणार? आमचे पहिले भागीदार सुतारकामातून आलेले मिस्त्री. ‘काम गेलं तरी चालेल, जिप्सम सोडून तो बोर्ड लावायचा नाही’ यावर ते ठाम राहिले, म्हणून फर्म वाचली. त्या ठेकेदाराला जाब विचारायला कुणी गेलं नाही, याची सल अजून आहे.

जिप्सममध्ये वजनाच्या साधारण २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. आगीत त्याची वाफ होते, आणि ती संपेपर्यंत भिंतीची मागची बाजू फारशी तापत नाही. पाणी गेलं की साधा बोर्ड आक्रसून तडकतो. गुलाबी बोर्डातले, म्हणजे गुलाबी कागदाच्या आगरोधक जिप्सम बोर्डातले, काचेचे तंतू त्याला धरून ठेवतात. तुकडा मोडून बघा, तुटलेल्या कडेला बारीक केसांसारखे तंतू लोंबताना दिसतील. नुसत्या गुलाबी कागदावर जाऊ नका. १२.५ मिमीचा बोर्ड चौरस मीटरला १० किलोच्या आसपास भरतो.

तरी भिंत आग किती वेळ अडवते याचं एक तास, दोन तास हे रेटिंग एकट्या बोर्डाचं नसतं, चाचणी झालेल्या अख्ख्या भिंतीचं असतं. चोरी होते ती आत: पातळ चॅनल, दुहेरी थरात आतला बोर्ड साधा, मधली रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) अर्धवट. उभे स्टड, म्हणजे सांगाड्याचे खांब, ६१० मिमीवर हवेत आणि दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येता कामा नयेत. स्क्रू गनची खोली नीट बसवलेली हवी. डोकं कागद न फाडता किंचित आत बसलं पाहिजे. कागद फाटला की त्या स्क्रूची पकड गेली. बोर्ड जमिनीपासून १० मिमी वर ठेवा, नाहीतर फरशी पुसायचं पाणी तो शोषतो. खालची ही फट आणि वर स्लॅबजवळची, दोन्ही फायर सीलंटने, म्हणजे आग अडवणाऱ्या भरावाने, भरा. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून स्विचबॉक्स बसवले तर तिथे आगीला सरळ वाट मिळते.

आणि पीव्हीसी पॅनलला आगरोधक म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ते आगीत वितळतं आणि त्याचा धूर फुफ्फुसं जाळतो.

कोटेशनमध्ये बोर्डाची जाडी, थर, चॅनलचा गेज (पत्र्याची जाडी), रॉकवूलची घनता आणि चाचणी अहवालाचा क्रमांक लिहून घ्या. आम्ही हे न मागता देतो, आणि दुसरी बाजू बंद करण्याआधी ग्राहकाला आतलं काम दाखवतो.