मागून बसलेली जुनी एसयूव्ही कमी खर्चात उचलताना

गाडी मागून बसली, म्हणजे मागची बाजू खाली झुकली, की बहुतेक जण आधी शॉकअप बदलतात आणि पैसे जाऊनही गाडी होती तिथेच राहते. साध्या शॉकअपवर गाडीचं वजन नसतंच. तो फक्त स्प्रिंगची उसळी आवरतो. गॅसचा असला तरी फार तर काही मिलिमीटर उचलेल. वजन पेलतात ते पाटे (एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या) किंवा कॉइल (वेटोळ्यांची) स्प्रिंग. (काही गाड्यांना मागे कंपनीतूनच सेल्फ-लेव्हलिंग (उंची आपोआप सावरणारे) शॉकअप येतात, ते मात्र खरंच भार घेतात. त्यांच्या जागी साधे बसवले तर जास्त भार पेलणाऱ्या स्प्रिंगही सोबत लागतात.)

जुनी स्प्रिंग वर्षानुवर्षं दबून मोकळ्या उंचीला कमी होते. तिचा कडकपणा मात्र जवळजवळ तसाच राहतो, कारण तो तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. म्हणून स्प्रिंग तुटलेली किंवा खोलवर गंजलेली नसेल, तर तिला फक्त गमावलेली उंची परत द्यायची. स्वस्त दुरुस्तीचा सगळा आधार एवढाच आहे.

आधी मोजा. सपाट जमिनीवर, गाडी रिकामी ठेवून, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत सरळ वर अंतर घ्या. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा हिशेब बिघडवते. डाव्या-उजव्या बाजूत 10-12 मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर एका बाजूला काहीतरी तुटलंय असं समजून शोधा: कॉइलचं शेवटचं वेटोळं, पाट्यातली एखादी पट्टी, शॅकलचा (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या दुव्याचा) रबरी बुश, गंजून खचलेली स्प्रिंगची बैठक. वेटोळ्याचा तुकडा बैठकीतल्या चिखलात लपून राहतो, म्हणून धुऊनच बघा.

कॉइल शाबूत असेल तर तिच्या आणि बैठकीच्या मधे बसणारा रबर किंवा पॉलियुरेथेनचा स्पेसर हा माझ्या मते सगळ्यात चांगला सौदा. एक गणित मात्र चुकवू नका. सरळ धुऱ्यावर (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या एकाच आडव्या दांड्यावर) बसलेल्या स्प्रिंगखाली 20 मिमीचा स्पेसर गाडी साधारण 20 मिमीच उचलतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाक वेगळं हलतं तिथे) स्प्रिंग आर्मच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या हाताच्या, मध्यावर असेल तर तोच स्पेसर चाकापाशी जवळपास 40 मिमी देतो. वेटोळ्यांच्या फटीत पिळून बसवायचे रबरी ठोकळे मात्र नकोत. ते तेवढी वेटोळी काम करण्यापासून अडवतात, बाकीच्यांवर ताण वाढतो आणि स्प्रिंग तिथेच तुटते.

सरळ धुऱ्याच्या गाडीत काम अवघड नाही. पुढच्या चाकांना अडण्या लावा, चासी (गाडीचा सांगाडा) स्टँडवर ठेवा (नुसत्या जॅकवर कधीच नाही), धुऱ्याखाली दुसरा जॅक द्या, मग शॉकअपचे खालचे बोल्ट आणि अँटी-रोल बारच्या (वळणावरचा झोक आवरणाऱ्या दांड्याच्या) लिंक सोडा. धुरा हळूहळू खाली घेताना ब्रेकच्या होजवर आणि एबीएसच्या वायरवर लक्ष ठेवा. ताण आला की थांबा. स्प्रिंगचं टोक बैठकीतल्या खाचेला नीट टेकवूनच परत बसवा. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. लटकत्या धुऱ्यावर आवळले तर बुश कायम पिळलेल्या राहतात आणि लवकर फाटतात.

एरवी गाडी सरळ आणि सामान भरल्यावरच बसत असेल तर कॉइलच्या आत बसणारी हवेची पिशवी बरी. तिच्यात रिकाम्या गाडीतही थोडी हवा, साधारण 5 पीएसआय, हवीच, नाहीतर ती दुमडून चिरते. दोन्ही पिशव्यांच्या नळ्या टी-जोडाने एकत्र करू नका. वळणावर हवा एका बाजूची दुसरीकडे सरकते आणि गाडी जास्त झुकते.

पाट्यांच्या गाडीत एक जादा पट्टी घालणं हा सरळ उपाय, बहुधा 25 ते 40 मिमी उंची मिळते. सेंटर बोल्ट (पट्ट्या मधोमध एकत्र धरणारा) सोडण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट लावा, कारण दाबलेले पाटे जोरात उघडतात. नवी पट्टी लांबीच्या क्रमानेच बसवा. सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट (पाटे धुऱ्याला बांधणारे) नवे घ्या. एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा तसे पकडत नाहीत. पहिल्या 100 किमीनंतर आणि पुन्हा 500 किमीच्या आसपास मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळून बघा.

जुन्या पाट्यांना नुसती ठोकून दिलेली कमान काही महिन्यांत परत बसते. गॅसच्या ज्वाळेने तापवून वाकवणं तर घातकच, त्या जागी पोलादाचा टेम्पर (लवचीक कडकपणा) जातो. चिरलेल्या पट्टीला वेल्डिंगही त्याच कारणाने नको. लांब शॅकल स्वस्त दिसतात, पण 50 मिमी लांब शॅकल धुऱ्यापाशी निम्मीच, 25 मिमी उंची देते, वर डिफरन्शियलचा (धुऱ्याच्या मधल्या गिअरच्या डब्याचा) कोन बदलतो आणि त्याला इंजिनची ताकद पोचवणारा प्रोपेलर शाफ्ट थरथरू शकतो.

मूळ उंचीपेक्षा जास्त उचलण्याचा मोह टाळा. बऱ्याच जुन्या एसयूव्हींमध्ये मागच्या धुऱ्याला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो, तो उंचीवरून वजन ओळखतो. मागची बाजू फार वर गेली की त्याला गाडी रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकचा दाब तो कमी करतो. भरल्या गाडीत हे जिवावर बेतू शकतं. त्यामुळे उंची बदलली की ती दांडी मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या आणि हेडलाइटचा रोखही तपासा, कारण मागची बाजू वर आली की तो खाली जातो.